‘क्लिअर कॅश’ दाबा, पण ‘क्लिअर डेटा’ला हात लावू नका : दाखल्याची पीडीएफ करताना मोबाइल अडला तर काय करायचं?

पातूर : जून लागला की आपल्याकडं पेरणी आणि दाखले एकदमच अंगावर येतात. पोराच्या ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, जातीचा पाहिजे, नॉन-क्रिमिलेअर पाहिजे. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर भरायचा, म्हणजे रेशनकार्ड, सातबारा, टीसी या सगळ्यांचे फोटो काढून पीडीएफ करणं आलं. आणि नेमकं तेव्हाच मोबाइल सांगतो, ‘स्टोरेज फुल’.

माझ्या मोठ्या भावाचं असंच झालं. पोरीची मूळ टीसी कॉलेजात जमा होती, हाती होता फक्त मोबाइलच्या स्कॅनर ॲपमधला तिचा स्कॅन. ॲप अडकलं. कोणीतरी म्हटलं, “ॲपमधी जाऊन क्लिअर कर, लगेच चालते.” त्यानं क्लिअर केलं. ॲप चाललं, एकदम नव्यासारखं चाललं, कारण आत काहीच उरलं नव्हतं. “सारंच उडालं न रे!” एवढंच तो फोनवर बोलला. टीसीच्या झेरॉक्ससाठी मग कॉलेजात दोन चकरा झाल्या, त्याही ऐन पेरणीत.

त्यानं दाबलं होतं ‘क्लिअर डेटा’. दाबायचं होतं ‘क्लिअर कॅश’. दोन्ही बटणं एकाच पानावर, शेजारी शेजारी असतात.

ही कॅश म्हणजे पैशाची नव्हे. कामापुरतं काढून ठेवलेलं सामान, असा तिचा अर्थ. तुम्ही रेशनकार्डाचा फोटो काढता तेव्हा स्कॅनर ॲप मूळ फोटो ठेवतं, कडा कापलेला दुसरा ठेवतं, काळा-पांढरा केलेला तिसरा ठेवतं, यादीत दाखवायला एक बारीक चित्र बनवतं, आणि मग पीडीएफ तयार करतं. आजच्या मोबाइलचा एक फोटो सहज तीन-चार एमबीचा असतो. दहा पानांचं पासबुक स्कॅन केलं की पीडीएफ होईल लहानशी, पण मागं ढीग पडतो. खळ्यावर सोयाबीन काढल्यावर पोते घरी जातात आणि कुटार तिथंच राहते ना, तसं. कॅश साफ करणं म्हणजे कुटार उचलणं. डेटा साफ करणं म्हणजे कुटारासोबत पोतेही पेटवून देणं.

अँड्रॉइड मोबाइलमध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘ॲप्स’मध्ये स्कॅनर ॲपचं नाव दाबा, मग ‘स्टोरेज’. तिथं ‘क्लिअर कॅश’ दिसेल. मोबाइल मराठीत असेल तर ‘कॅशे साफ करा’ असं लिहिलेलं असते. दुसरं बटण काही मोबाइलवर ‘क्लिअर डेटा’, काहींवर ‘क्लिअर स्टोरेज’ म्हणून येते. त्याच्या वाट्याला जाऊ नका. व्हॉट्सॲपलाही हाच नियम. तिथं डेटा साफ केला तर बॅकअप न घेतलेल्या चॅट गेल्या समजा. आयफोनमध्ये असं कॅशचं वेगळं बटण नसते. तिथं ‘ऑफलोड ॲप’ केलं तर कागद राहतात, ‘डिलीट ॲप’ केलं तर जातात.

पण कॅश साफ करायच्या आधीही अर्धवट राहिलेलं स्कॅन पूर्ण करून सेव्ह करा. काही ॲप अर्धवट पानं कॅशमध्येच ठेवतात. आणि पीडीएफ झाली की ती ॲपच्या आतच ठेवून निश्चिंत राहू नका. ‘शेअर’ किंवा ‘सेव्ह’ दाबून मोबाइलच्या ‘डाउनलोड्स’मध्ये घ्या, स्वतःच्या ई-मेलवर एक पाठवून ठेवा. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो सेव्ह’ असेल तर ते चालू करून टाका. भावाच्या ॲपमध्ये हे सेटिंग होतं. बंद होतं.

कॅश कमी भरावी असं वाटत असेल तर स्कॅनची क्वालिटी मध्यम ठेवा. दाखल्याच्या अर्जाला सगळ्यात भारी क्वालिटी लागत नाही. साधारण 150 ते 200 डीपीआय पुरते, अक्षर नीट वाचता येते. मात्र फाइल फारच बारीक करण्याच्या नादाला लागू नका. ‘आपले सरकार’वर कागदपत्राची फाइल 75 ते 500 केबीच्या मधात लागते, फोटो 5 ते 20 केबीचा. म्हणजे 40 केबीची टीसीही पोर्टल परत करते. लोक मोठी फाइल लहान करत बसतात आणि ती खालच्या मर्यादेत अडकली हे ध्यानातच येत नाही.

अजून एक गोष्ट. सेतूवाल्या भाऊला व्हॉट्सॲपवर कागद पाठवताना ‘फोटो’ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करते, अक्षरं फुटतात. क्लिपच्या चिन्हावर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडा, फाइल जशीच्या तशी जाते.

कधी कधी नवीन सातबारा काढूनही पोर्टलवर जुनाच चढतो. त्यात बहुतेक वेळा गडबड आपलीच असते. डाउनलोडमध्ये त्याच नावाच्या दोन-तीन फाइली पडलेल्या असतात, शेवटी (1), (2) लागलेलं, आणि आपण जुनी उचलतो. नवीन फाइलला लगेच गावाचं नाव आणि तारीख टाकून ठेवा. फाइल बरोबर आहे आणि तरी क्रोममध्ये पान जुनंच दिसते, तर मात्र दोष ब्राउझरच्या कॅशचा असू शकतो. क्रोमच्या तीन ठिपक्यांमधून ब्राउझिंग डेटा काढायच्या पानावर जा आणि फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’वर खूण ठेवा. ‘कुकीज’ आणि ‘पासवर्ड’वरची खूण काढा, नाहीतर सगळीकडून लॉगआउट होऊन पुन्हा ओटीपीचा खेळ.

पीडीएफ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर करून घेत असाल तर कागद तिथंही मागं राहतो. काम झालं की समोर उभं राहून ‘डाउनलोड्स’ आणि ‘रिसायकल बिन’मधून आपली फाइल काढायला सांगा. लाजायचं काम नाही, आधार आपलं आहे. फुकट पीडीएफ करून देणाऱ्या वेबसाइटवर तर फाइल त्यांच्या सर्व्हरवर जाते. काही जण एक-दोन तासांत पुसतो असं लिहितात, काही जण काहीच लिहीत नाहीत. रेशनकार्ड, आधार, पासबुक तिथं न टाकता मोबाइलवरच पीडीएफ करा. आणि जिथं पूर्ण आधार क्रमांक मागितलेला नाही तिथं आधारच्या अधिकृत वेबसाइटवरून ‘मास्क्ड आधार’ काढून द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

भावाच्या पोरीचा दाखला यंदा निघाला. टीसीची पीडीएफ आता तिच्या, त्याच्या आणि माझ्या, अशा तीन मोबाइलमध्ये आहे.