पडद्यावरचा दिवा आणि हातातला दिवा



गिरगावातल्या शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर दर शनिवारी सकाळी घरच्या टेबलावरून जव्हार तालुक्यातील एका आश्रमशाळेच्या नववीच्या वर्गाला शिकवते. मुंबईकरांना दूरशिक्षण नवे नाही. मुंबई विद्यापीठाने ते १९७१ मध्येच सुरू केले. पण टपालाने नोट्स पोहोचतात, प्रयोग पोहोचत नाही. सुरुवातीचे काही महिने मीही नुसत्या आकृत्या काढत होते. मुले त्या वहीत सुबक उतरवून घेत आणि 'दिवा का लागला?' असे विचारले की माना खाली घालत.

मग आम्ही आभासी प्रयोगशाळेकडे वळलो. हे काय आहे, असे अनेक हितचिंतक विचारतात, म्हणून थोडे सांगते. चित्रफितीत मूल फक्त पाहते. आभासी जगात ते स्वतः काहीतरी करते आणि ते जग त्याला उत्तर देते. २००३ साली आलेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये तर माणसे बाहुलीच्या रूपाने हिंडत. परदेशी विद्यापीठांनी तिथे वर्गही भरवले. मात्र त्यासाठी वेगवान इंटरनेट आणि ताकदीचा संगणक लागतो. आमच्या शाळेत दोन्ही नाही.

आमचे काम साध्या साधनांनी भागले. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा प्रकल्प सुरू केला. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. मुंबईच्या सी-डॅकने अमृता विद्यापीठासह तयार केलेल्या 'ओलॅब्स'मध्येही शालेय प्रयोग मराठीत मिळतात.

धाराविद्युतच्या धड्याला तिघांत एक संगणक दिला. मुलांनी पडद्यावर सेल, तार, दिवा जोडले. तारेतून निळे ठिपके सरकू लागले. हे इलेक्ट्रॉन, खऱ्या तारेत ते कधीच दिसत नाहीत. एकसर जोडणीत दुसरा दिवा घातला तेव्हा ठिपके मंदावले आणि दोन्ही दिवे मिणमिणले. समांतर जोडले तेव्हा दोन्ही लख्ख. कारण कोणी सांगावे लागले नाही.

एका गटाने सेलची दोन टोके नुसत्या तारेने जोडली. पडद्यावर ज्वाळा उठल्या, वर्ग खदखदून हसला. मग मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, खांबावरच्या तारेचंही असंच होतं का?" मी धडा तिथेच थांबवला. पडद्यावर चूक फुकट असते, म्हणूनच मुले न घाबरता शिकतात. पण घरातल्या २३० व्होल्टला ती सवय लागली तर जीव जाईल. त्या दिवशी उरलेला तास फक्त याच विषयावर बोललो.

तेव्हापासून एक नियम केला आहे. आधी पडदा, मग हात. लोहार चाळीतून सेल, टॉर्चचे छोटे बल्ब आणि तारा घेऊन गटागटाच्या पेट्या पाठवल्या. पहिल्याच दिवशी एका मुलीचा दिवा लागेना. "बाई, आमची तार खोटी आहे का?" तार चांगली होती. पडद्यावर टोके आपोआप जुळतात. इथे वरचे प्लॅस्टिक सोलावे लागते, हे तिला माहीतच नव्हते. तिथल्या गुरुजींनी ब्लेडने टोक सोलून दाखवले, दुसरे तिने सोलले. दिवा लागला. गुरुजी शेजारी नसते तर मी इथून काहीच करू शकले नसते.

म्हणून वाचकहो, नुसता संगणक दिला की काम झाले असे समजू नका. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप जरूर द्या. पण त्याबरोबर सेल-बल्बची एक पेटीही द्या. आणि विज्ञान शिकवण्याची आवड असेल तर शनिवारचे दोन तास द्या. परळ, लालबाग, दादर, कुठूनही शिकवता येते.