मुहूर्ताआधीची धावपळ

६ जून जवळ आला की गडचिरोलीतल्या ग्रामपंचायतीत बांबूची चिंता कुणी करत नाही. शिवस्वराज्य दिनाच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेक दिनाच्या, गुढीला किमान पंधरा फुटांचा वासा लागतो. तो इथे मागाल तेवढा मिळतो. भगवा ध्वज बाजारातून आणायचा, त्यावर जिरेटोप, शिवमुद्रा नीट उमटलीत ना ते बघायचं. शासनाने २०२१ पासून हा दिवस जिल्हा परिषदेपासून ग्रामपंचायतीपर्यंत साजरा करायचं ठरवलं, तेव्हापासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातही राज्याभिषेकाची तयारी ग्रामपंचायतीच्या कामांत जमा झाली आहे.

रायगडावरचं सिंहासन सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुतूहल आहे ते त्याआधीच्या कामांचं. पहिलाच पेच धर्मशास्त्राचा होता. महाराजांची मुंज झालेली नव्हती, आणि मुंजीवाचून वैदिक अभिषेक नाही. काशीच्या गागाभट्टांनी तोड काढली: २९ मे १६७४ ला मुंज, दुसऱ्या दिवशी राण्यांशी पुन्हा समंत्रक विवाह. चव्वेचाळिसाव्या वर्षी मुंज! मग सुवर्णतुला. मुहूर्त ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा, म्हणजे पाऊस उंबरठ्यावर आलेला. जे काही गडावर चढवायचं ते त्याआधीच.

मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन पाचाडला पोचला, तर महाराज प्रतापगडच्या भवानीला गेलेले. बसला वाट बघत. पुढे दरबाराच्या दिवशी दारात त्याला दोन लहान हत्ती दिसले. एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे, याचं त्याला नवल वाटलं आणि त्याने ते लिहून ठेवलं. राज्याभिषेकाच्या साऱ्या नोंदींत माझी आवडती नोंद हीच.

अभिषेकाला कोण कुठे उभा राहणार, हेही ठरलेलं. पूर्वेला मोरोपंत पेशवे, हाती सोन्याच्या कलशात तूप. दक्षिणेला हंबीरराव मोहिते, रुप्याच्या कलशात दूध. पश्चिमेला रामचंद्रपंत, तांब्याच्या कलशात दही. आता बघा, पहाटेच्या मुहूर्ताला दही हवं म्हणजे आदल्या संध्याकाळी गडावर कुणीतरी विरजण लावलं असणार. प्रधानांची नावं आपण पाठ करतो. त्या विरजण लावणाऱ्याचं नाव कोण लिहिणार?

एवढं करूनही खोट काढणारे निघालेच. अभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाऊ गेल्या. तो अपशकुन मानून निश्चलपुरी गोसाव्यांनी पहिल्या विधीतल्या उणिवा मोजून दाखवल्या. पुन्हा मुहूर्त काढला गेला, पुन्हा सामग्री गोळा झाली, आणि २४ सप्टेंबर १६७४ ला त्याच गडावर, तांत्रिक पद्धतीने, महाराजांना दुसरा राज्याभिषेक झाला.