जीपचं इंजिन बांधताना
नांदेड-लातूरकडे जुनी जीप हाती आली, की पहिली हौस सिलिंडरला बोअर मारून ताकद वाढवण्याची. ही जीप मूळची अमेरिकन विलीज; महिंद्रा कंपनीनं ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतली. तिचं पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७९.४ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव तब्बल १११. बोअर एक मिमीनं वाढवला तर जेमतेम ५६ सीसी मिळतात आणि सिलिंडरची भिंत कायमची पातळ होते. स्ट्रोक इतका लांब, की मिनिटाला ४००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला सरासरी १५ मीटर धावतो. हे इंजिन शर्यतीचं नाही, ओढीचं. मला त्याचं तेच आवडतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यासाठी आधी रेडिएटर आणि वॉटर पंप बघा. मग इंजिन उतरवून सिलिंडर वर, मध्ये, खाली मोजा. पिस्टन त्यानंतरच मागवा.