पिकअप ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स थंड ठेवणे : बाहेरून बसवायचे कूलर आणि त्यांचे गणित

मागील पाठात आपण टॉर्क कन्व्हर्टरची रचना पाहिली. इंजिनाला जोडलेला इम्पेलर तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने टर्बाइन फिरतो आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा बदलतो. ढोबळमानाने, टर्बाइन इम्पेलरच्या जितका मागे राहील तितकी शक्ती चाकांपर्यंत न पोचता तेलातच उष्णता होऊन राहते. ही उष्णता पुढे कुठे जाते, आणि ती लवकर बाहेर काढण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या भागांपैकी कोणता खरोखर उपयोगी पडतो, हे या पाठात पाहू.

उदाहरण म्हणून अमेरिकन पिकअप ट्रक घेऊ, कारण हा प्रश्न तिथे रोजचा आहे. त्या देशात पिकअपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असणे हा जवळपास नियमच, आणि मागे बोट, घोड्यांची गाडी किंवा राहण्याचा कॅम्पर जोडून लोक शेकडो किलोमीटर जातात. आपल्याकडे टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉस या पिकअप ऑटोमॅटिकमध्ये मिळतात. ट्रेलर ओढण्याची सवय इथे कमी असली तरी भौतिकशास्त्र तेच लागू होते.

ओढण्याची क्षमता मोजण्यासाठी एसएई जे२८०७ नावाचे मानक आहे. टोयोटाने २०११ च्या टंड्रा मॉडेलसाठी ते प्रथम वापरले. त्यातली एक चाचणी ॲरिझोना राज्यात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून सुरू होणाऱ्या चढावर आधारलेली आहे. सुमारे १८ किलोमीटर सलग चढ, सरासरी ५ टक्के, बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस, एसी पूर्ण चालू. मागे एकेरी चाके असलेल्या पिकअपने या स्थितीत ताशी ६४ किलोमीटरच्या खाली येता कामा नये, काही तुटता कामा नये आणि इशाऱ्याचा दिवाही लागता कामा नये. आपले गणित याच चढावर करू.

तापमान वाढले तर काय बिघडते

गिअरबॉक्समधले तेल एकाच वेळी चार कामे करते : शक्ती पोचवते, वंगण देते, क्लच दाबून धरते आणि उष्णता वाहून नेते. तेल सुमारे ११५ अंशांच्या पुढे गेले की त्याचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊ लागते आणि व्हॉल्व्हवर वार्निशसारखा थर बसतो. त्याहून वर रबराची सील कडक होतात. १५० च्या आसपास क्लचच्या प्लेटा घसरायला आणि करपायला लागतात. क्लच घसरला की आणखी उष्णता, म्हणजे आणखी घसरण. तिथून परत येणे नाही. गिअरबॉक्स पूर्ण उघडून बांधायचा खर्च अमेरिकेत हजारो डॉलरमध्ये जातो आणि चांगला कूलर काहीशे डॉलरमध्ये मिळतो, म्हणून या भागांचा एवढा मोठा धंदा चालतो.

या धंद्यात एक तक्ता सगळीकडे फिरतो. ७९ अंशांवर तेल १ लाख मैल टिकते आणि पुढच्या प्रत्येक ११ अंशांना आयुष्य निम्मे होते, असे तो सांगतो. त्यातले मैलांचे आकडे शब्दशः घेऊ नका. आजची सिंथेटिक तेले उष्णता जास्त सोसतात, आणि चढावरची पंधरा मिनिटे म्हणजे तेलाचे सगळे आयुष्य नव्हे. पण ‘दर दहा-अकरा अंशांना वेग दुप्पट’ हा कल रसायनशास्त्रातल्या अभिक्रियांच्या ढोबळ नियमाशी जुळतो, म्हणून तेवढा लक्षात ठेवा.

कारखान्यातून येणारी व्यवस्था

कन्व्हर्टरमधून निघालेले गरम तेल नळीने रेडिएटरच्या कडेच्या टाकीत बसवलेल्या छोट्या उष्णता-विनिमयकात जाते. तिथे त्याच्याभोवती इंजिनाचे कूलंट असते. ओढण्यासाठी बनवलेल्या गाड्यांत त्यानंतर समोरच्या जाळीमागे हवेवर चालणारा आणखी एक कूलर असतो. रेडिएटरमधल्या भागाची मर्यादा उघड आहे : कूलंट स्वतःच ९० ते १०० अंशांवर असताना ते तेलाला त्याखाली नेऊ शकत नाही. थंडीत मात्र हाच भाग तेल लवकर गरम करतो, त्यामुळे तो निरुपयोगी समजू नये.

चढाचे गणित

ट्रक आणि ट्रेलर मिळून वस्तुमान ६००० किलोग्रॅम धरा. ५ टक्के चढावर गुरुत्वाचा विरोध सुमारे २९५० न्यूटन. टायरचा आणि हवेचा विरोध आणखी १३०० च्या आसपास. एकूण ४२५० न्यूटन आणि वेग सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे शक्ती साधारण ७५ किलोवॉट. कन्व्हर्टर मोकळा असताना, म्हणजे लॉकअप क्लच लागलेला नसताना, ट्रान्समिशनमध्ये ११ टक्के वाया जाते असे धरू : ८ किलोवॉट उष्णता. लॉकअप लागला की स्लिप संपते आणि नुकसान निम्म्यावर, ४ किलोवॉटवर येते असे माना. टक्केवारी गाडीगणिक बदलेल, पद्धत बदलणार नाही.

आता कूलर. तेल मिनिटाला ७ लिटर वाहते असे धरले तर वस्तुमान-प्रवाह सेकंदाला सुमारे ०.०९७ किलोग्रॅम होतो. विशिष्ट उष्मा २.१ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. दोहोंचा गुणाकार ०.२ किलोवॉट प्रति अंश. कूलरची परिणामकता ०.४ असेल तर तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या प्रत्येक अंश फरकाला ०.०८ किलोवॉट बाहेर जाते. हवा ४० अंश धरा. रेडिएटरमधला भाग सध्या बाजूला ठेवू, कारण अशा चढावर कूलंट स्वतःच तापलेले असते.

स्थिर तापमान काढा : ४० अधिक ८ भागिले ०.०८, म्हणजे १४० अंश. मोठा कूलर बसवून परिणामकता ०.६ केली तर ४० अधिक ८ भागिले ०.१२, म्हणजे १०७. आणि कूलर जुनाच ठेवून फक्त लॉकअप लावून ठेवला तर ४० अधिक ४ भागिले ०.०८, म्हणजे ९०.

एक पैसाही खर्च न करता मिळालेले उत्तर सर्वांत थंड आहे. म्हणून ट्रेलर ओढताना ‘टो-हॉल’ मोड लावणे किंवा हाताने एक गिअर खाली घेणे हा पहिला उपाय. इंजिन जोरात ओरडते, लोक घाबरून वरचा गिअर टाकतात, आणि मग कन्व्हर्टर सुटतो, लागतो, पुन्हा सुटतो. उष्णता तिथे तयार होते.

याची उलटी बाजूही पाहा. पिकअपला हौसेने मोठे टायर बसवणे हा अमेरिकेत सर्वांत लोकप्रिय बदल असावा. टायरचा व्यास वाढला की एकूण गिअर गुणोत्तर उंच होते, इंजिनाला त्याच चढावर जास्त झगडावे लागते आणि लॉकअप टिकत नाही. असा ट्रक घेऊन कोणी कूलर विचारायला आला, तर आधी त्याच्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर विचारावे. ३.५५ ऐवजी ४.१० चा गिअरसंच बसवणे महाग असते, पण ते उष्णतेच्या मुळावर काम करते.

खोल पॅन : वेळ विकत घेणारा भाग

गिअरबॉक्सखाली जास्त तेल मावणारे ॲल्युमिनियमचे पॅन फार खपते. त्याने थंडावा मिळतो का? १० लिटर तेलाची उष्माधारकता सुमारे १७.५ किलोज्यूल प्रति अंश. भोवतीचा धातू धरून संपूर्ण गिअरबॉक्सची सुमारे ७२. पॅनमुळे ४ लिटर तेल वाढले तर ही संख्या ७९ होते. स्थिर तापमानाच्या सूत्रात उष्माधारकता कुठेच नाही, म्हणजे शेवटचा आकडा १४० च राहतो. फक्त तिथे पोचायला लागणारा वेळ बदलतो. कालांक म्हणजे ७२ भागिले ०.०८, म्हणजे ९०० सेकंद. पॅनसह तो साडेसोळा मिनिटे होतो. चढ १७ मिनिटांचा आहे. सुरुवात ८० अंशांवर केली तर माथ्यावर तेल १२१ अंशांवर असेल, पॅन लावल्यास ११९ वर. मोठ्या कूलरने हाच आकडा १०२ येतो, लॉकअपने ८७. पॅनच्या फिनमधून थोडी उष्णता जाते खरी, पण ते गाडीच्या पोटाखाली, एक्झॉस्टच्या शेजारी असते. तेल बदलताना काढता येणारा नट असतो, ही सोय मात्र खरी.

कूलर निवडताना आणि बसवताना

नळीवर फिन चढवलेले कूलर स्वस्त असतात. एकावर एक पातळ प्लेटा रचलेले त्याच आकारात जास्त उष्णता काढतात आणि जाड तेलालाही बऱ्यापैकी वाट देतात. वरच्या सूत्रात तेलाचा प्रवाह आहे हे विसरू नका. कूलर कितीही मोठा असला तरी अरुंद नळ्या आणि काटकोनी जोडण्या लावून प्रवाह निम्मा केला तर कमावलेले बरेचसे गेले.

जागा रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या पुढे, चोंदलेल्या जाळीमागे नव्हे. कूलर फिनमधून प्लास्टिकच्या टाय घालून बांधायची पद्धत किटबरोबर येते. थरथराटाने ती फिन आणि नळ्या घासते, म्हणून पट्टीचे ब्रॅकेट बरे. होज गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेला हवा. इंधनाचा साधा रबरी होज काही महिन्यांत मऊ होऊन घसरतो, आणि गरम तेल एक्झॉस्टवर पडले तर आग लागते.

नवा कूलर रेडिएटरनंतर जोडायचा की रेडिएटर पूर्ण वगळायचा? बहुतेक गाड्यांत नंतर जोडणे योग्य. वगळण्याला एक सबळ कारण मात्र आहे. २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटियर पिकअपमध्ये रेडिएटरमधला विनिमयक आतून फुटून कूलंट तेलात मिसळल्याच्या तक्रारी गाजल्या. तेल गुलाबी दुधासारखे होते आणि क्लचच्या प्लेटांचे अस्तर पाण्याने सुटते. अशा गाडीत नवा रेडिएटर टाकणे किंवा तेल वेगळ्या वाटेने नेणे समजण्यासारखे आहे.

पण वगळल्यावर थंडीचा प्रश्न येतो. मिनेसोटाच्या हिवाळ्यात उणे २० अंशांत मोठा कूलर तेल गरमच होऊ देत नाही. तेल घट्ट राहते, गिअर अडखळत पडतात, आणि अनेक गाड्यांचा संगणक तेल पुरेसे तापेपर्यंत लॉकअपच लावू देत नाही. म्हणून नळीत थर्मोस्टॅट बायपास घालतात : सुमारे ८० अंशांपर्यंत तेल कूलर टाळून परत येते, नंतर वाट उघडते.

शेवटी तापमापक. पॅनमधला सेन्सर मिसळून निवलेल्या तेलाचे तापमान दाखवतो. कन्व्हर्टरमधून निघणाऱ्या नळीतले तेल चढावर त्याहून कितीतरी अंश जास्त तापलेले असू शकते. दोन मालक आपले आकडे ताडून पाहतात तेव्हा दोघांचे सेन्सर एकाच जागी आहेत का, हे आधी पाहावे लागते. कूलर घेण्याआधी मापक घ्या, एक चढ चढून पाहा, मग ठरवा.

स्वाध्याय

१. बोट उतरवण्याच्या उतारावर एक ट्रक ट्रेलर मागे ढकलत वर चढवत आहे. वेग जवळजवळ शून्य, कन्व्हर्टरला मिळणारी शक्ती २० किलोवॉट, कूलरवर वारा नाही. उष्माधारकता ७२ धरून तापमान मिनिटाला किती अंश वाढेल? कूलरला विजेचा पंखा असता तर काय फरक पडला असता?

२. वरच्या उदाहरणात मोठा कूलर आणि लॉकअप दोन्ही वापरले तर स्थिर तापमान काढा. अशा गाडीला थर्मोस्टॅट बायपास लागेल का, ते कारणासह लिहा.