सप्ताहातली वीणा आणि मोबाइलमधला सिंथ

ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय आहे अँबियंट संगीत. म्हणजे सिंथेसायझरवरचं ते संथ, लांबलचक, ज्यात काहीच घडत नाही असं वाटणारं संगीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, बीड जिल्ह्यातल्या गावाकडच्या घरातूनच काम करतो. दर तिसऱ्या आठवड्याला माझी रात्रीची ऑन-कॉल पाळी असायची. सर्व्हर पडला की फोन वाजणार. पुढे पुढे असं झालं की फोन वाजला नाही तरी मी दोन वाजता टक्क जागा, छातीत धडधड. एका मित्रानं अँबियंट ऐकायला सांगितलं. लावलं, तर दहा मिनिटं झाली तरी गाणं काही सुरूच होईना! वैतागून बंद करणार, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून आजोबा म्हणाले, "वीणा लावलीस का रे?"

तिथं माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पाळीपाळीनं एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. त्या मोकळ्या तारा तेच ते सूर देत राहतात. आपण त्या मुद्दाम ऐकत नाही, पण थांबल्या तर लगेच कळतं. अँबियंटचं तत्त्व हेच: ऐकलं तरी चालेल, दुर्लक्ष केलं तरी चालेल.

आता तंत्र बघू. ढोलकीवर थाप पडली की आवाज एका झटक्यात वर चढतो आणि कान टवकारतात. आवाज चढायला लागणाऱ्या या वेळेला सिंथमध्ये 'अटॅक' म्हणतात. तो चार-पाच सेकंदांचा ठेवला तर सूर कधी सुरू झाला तेच कळत नाही. दुसरी गोष्ट लो-पास फिल्टर. रात्री लांबच्या गावातला डीजे आठवा. शिट्ट्या, शब्द वाटेतच विरतात, नुसती धप-धप पोचते. फिल्टर तेच करतो, टोचणारे उंच सूर गाळतो.

अँबियंट हे नाव रुळवलं ते ब्रिटनच्या ब्रायन ईनोनं, 1978 च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' या अल्बमनं. त्यात त्यानं वेगवेगळ्या लांबीच्या टेप गोल फिरवत ठेवल्या. समजा एक टेप 7 सेकंदांची, दुसरी 11 ची. दोन्हींची सुरुवात पुन्हा जुळायला 77 सेकंद लागतात. कोड दोन ओळींचा, आउटपुट मात्र सतत बदलतं!

पण सिंथ म्हणजे शांतता असंही नाही हं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडची यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ते लावून झोपून दाखवा! म्हणजे जादू यंत्रात नाही, ते किती सावकाश वाजवता त्यात आहे.

घरी करून बघा. दोन मोबाइलवर टोन जनरेटर अॅप घ्या. एकावर 220 हर्ट्झ, दुसऱ्यावर 220.5. आवाज बारीक ठेवा. दर दोन सेकंदांनी सूर फुगेल आणि ओसरेल. दोन सुरांतला फरक अर्ध्या हर्ट्झचा, म्हणून. झोपताना ऐकणार असाल तर इअरफोन काढा, टायमर लावा आणि मधे जाहिरात घुसणार नाही असं काहीतरी निवडा.

आता खरं सांगतो. माझी झोप काही नुसत्या संगीतानं परत आली नाही. संगीतानं एवढंच केलं की मी मोबाइल चाळत न बसता पडून राहायला लागलो. आणि पडल्या पडल्या लक्षात आलं, वीणा सात दिवस वाजते कारण ती एकाच्याच गळ्यात नसते. मग टीममध्ये बोललो, रात्रपाळी चौघांत वाटून घेतली. धडधड तेव्हा कमी झाली. तुमची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर प्लेलिस्ट बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

चला, पुढच्या भागात भेटू. तोवर आवाज जरा बारीकच ठेवा!