दुखत नाही म्हणून सोडू नका

लघवीला जळजळ झाली की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धण्या-जिऱ्याचं पाणी पितो. लघवी लालसर दिसली, तर ‘पाळीचंच असेल’ म्हणून गप्प बसतो. त्यातून दुखत नसेल, तर डॉक्टरांकडे जाणं दूरच! पण मैत्रिणींनो, मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते : न दुखता लघवीवाटे जाणारं रक्त. ते एकदा दिसतं, आपोआप थांबतं आणि मग कित्येक आठवडे दिसतही नाही. थांबलं म्हणजे बरं झालं, असं मात्र नव्हे.

हा रोग वाढतो कसा? मूत्राशय ही लवचिक पिशवी. तिची बाजू घराच्या भिंतीसारखी समजा : आतून रंग, त्यामागे गिलावा, त्यामागे विटा. रोग सुरू होतो रंगाच्या थरात, म्हणजे आतल्या अस्तरात. तिथे बहुधा फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी बारीक गाठ येते. काही गाठी तिथेच राहतात. काही गिलाव्यात उतरतात आणि पुढे विटांत, म्हणजे स्नायूंत शिरतात. सुदैवाने, चारांपैकी सुमारे तिघांचा रोग सापडतो तेव्हा स्नायूंपर्यंत पोचलेला नसतो. अशी गाठ लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून काढता येते, पोटावर टाका पडत नाही. स्नायूंत शिरल्यावर मात्र पुष्कळदा सबंध मूत्राशयच काढावं लागतं.

गाठ पुन्हा येण्याची खोड या रोगाला आहे, म्हणून दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी करावीच लागते. धोका जास्त असेल, तर तान्ह्या बाळांना क्षयासाठी टोचतात त्याच बीसीजीचं औषध मूत्राशयात सोडतात. कॅनडात डॉ. अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये हा उपाय प्रसिद्ध केला. आजही तो वापरात आहे.

सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातली विषं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून मूत्राशयात येऊन साचतात. रंगांच्या कारखान्यांतली काही रसायनंही घातक. पुरुषांत हा रोग तिपटीहून अधिक. तेव्हा घरच्या मंडळींकडेही लक्ष असू द्या. बायकांचा रोग मात्र उशिरा ओळखला जातो, कारण लाल लघवीचं खापर पाळीवर किंवा जंतुसंसर्गावर फुटतं.

बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या काही गोळ्यांनीही लघवी लाल होते; म्हणून घाबरू नका, पण अंदाजही बांधत बसू नका. लघवी तपासून घ्या. जंतू नसताना रक्त सापडलं, किंवा औषधं घेऊनही ते पुन्हा आलं, तर ‘दुर्बिणीने पाहायला हवं का?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बारीक गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. पाळी गेलेल्या बाईने तर एक दिवसही चालढकल करू नये.

दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय. हे तर दुखतही नाही, म्हणूनच जपायचं.