चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या!

मैत्रिणींनो, आज जरा नटण्यामुरडण्याबद्दल बोलू या. बचत गटाच्या बैठका आणि घरचा स्वयंपाक यात रमणाऱ्या मला हा विषय कुठून सुचला, असं वाटेल तुम्हाला. पण त्यामागे माझी स्वतःचीच एक चूक आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. पोरगी गव्हाळ, तरतरीत, पतसंस्थेत नोकरी करणारी. ‘काकू, मला पहिल्यांदाच फाउंडेशन लावायचंय, तुम्ही बरोबर चला’ म्हणाली, म्हणून आम्ही दोघी बाजारात गेलो. दुकानदाराने तिच्या मनगटावर दोन-तीन शेड लावून दाखवले आणि सगळ्यात फिकी बाटली पुढे केली. ‘ताई, हीच न्या, फोटोत उजळ दिसेल.’ ती घुटमळली. आणि मी, गावोगाव ‘मुलगी वाचवा’वर भाषणं देणारी बाई, पटकन म्हणाले, ‘घे गं, चार माणसांत उठून दिसशील.’

साखरपुड्याला ती मांडवात आली आणि नणंदेचा धाकटा मोठ्यांदा ओरडला, ‘ताईच्या तोंडाला पीठ लागलंय!’ सगळे हसले. पोरगीही हसली. फोटोत मात्र चेहरा राखाडी-पांढरा, मान आणि हात वेगळ्याच रंगाचे. रात्री तोंड धुताना ती मला म्हणाली, ‘काकू, मी आहे तशी दिसू नये म्हणूनच हे लावायचं असतं का?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी आमच्या गटातल्याच एका पार्लर चालवणाऱ्या ताईंना गाठलं. बैठकीनंतर तासभर त्यांनी आम्हा सगळ्यांना नीट शिकवलं. पहिलंच वाक्य होतं, ‘फाउंडेशन गोरं करायला नसतं. आपलाच रंग सगळीकडे एकसारखा दिसावा, एवढंच त्याचं काम.’

शेड निवडायचा तो मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला. चेहरा आणि मान जिथे मिळतात तिथे दोन-तीन शेडच्या बारीक रेघा ओढायच्या आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उजेडात यायचं. जी रेघ कातडीत विरून जाते, ती आपली. पाच-दहा मिनिटं थांबायचं, कारण हवा लागल्यावर काही फाउंडेशन थोडी गडद होतात. आपल्याकडे बहुतेकींच्या वर्णात पिवळसर झाक असते. त्यावर गुलाबी झाक असलेला शेड लावला की चेहरा राखाडी दिसतो. पुतणीचं नेमकं तेच झालं होतं.

आता तयारी. भिंत खरबरीत असेल तर रंग नीट बसत नाही, तसंच त्वचेचं आहे. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा. मग चिंचोक्याएवढं मॉइश्चरायझर लावा. त्वचा तेलकट असली तरी लावा, फक्त हलकं, पाण्यासारखं घ्या. दिवसाचा कार्यक्रम असेल तर वरून सनस्क्रीन. पाच-सात मिनिटं सगळं मुरू द्या. या घाईतच पुढे मेकअपच्या गोळ्या होतात. प्रायमर असेल तर उत्तम, नसेल तर अडत नाही.

नवी बाटली आणली की कार्यक्रमाच्या दिवशीच फोडू नका. आदल्या दिवशी कानामागे थोडं लावून ठेवा. खाज आली, लाल झालं, तर ते आपल्यासाठी नाही. थ्रेडिंग, ब्लीच, फेशियलही आदल्या दिवशी नको; तीन-चार दिवस आधी उरकून घ्या.

लावताना फुटाण्याएवढं फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्या. कपाळ, नाक, दोन्ही गाल आणि हनुवटीवर एकेक ठिपका द्या. स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि चेहऱ्याच्या मधून बाहेर टिपत टिपत पसरवा. घासायचं नाही, घासलं की पट्टे पडतात. जबड्याखाली मानेपर्यंत आणि कानाशी नीट मिसळवा. डाग दिसत असेल तर तेवढ्यावरच पुन्हा एक ठिपका. शेवटी कपाळ, नाक, हनुवटीवर हलकी पावडर. झालं! ‘कमी लावलंय’ असं वाटलं, की समजा पुरेसं झालं.

स्पंज दर आठवड्याला साबणाने धुवा आणि एकमेकींचा वापरू नका. रात्री कितीही दमलात तरी मेकअपसकट झोपू नका. खोबरेल तेलाने पुसून मग फेसवॉशने धुवा. मुरुमं येत असतील तर तेलाऐवजी मायसेलर वॉटर घ्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. लग्न ठरलं की ‘महिनाभरात गोरी’ करणारी बिननावाची क्रीमं मुलींच्या हातात येतात. २०२३ साली अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली होती. त्या क्रीममध्ये पारा सापडला होता. काही मुली तर खाजेवरचं स्टिरॉइडचं मलम गोरं होण्यासाठी लावतात. त्याने कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात. अशी ट्यूब डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तोंडाला लावू नका.

लग्नाच्या दिवशी पुतणीने स्वतःच फाउंडेशन लावलं, तिच्या रंगाचं, आधीच्यापेक्षा तीन शेड गडद. मी मागे उभी राहून पिना देत होते. तिने आरशातूनच विचारलं, ‘काकू, ठीक आहे ना?’ मी नुसती मान हलवली.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात मनगट पुढे करू नका. आरसा घ्या, उजेडात या, जबड्याला लावून बघा. आणि बरोबर माझ्यासारखी एखादी काकू असेल, तर तिला तेवढा वेळ गप्प बसायला सांगा!